शिडाचा ऑर्डर फॉर्म

शिडाच्या नौकेसाठी नवीन मेनसेल, म्हणजे डोलकाठीमागचं मुख्य शीड, शिवून घ्यायचं असेल तर शिडं शिवणारा तुमच्यापुढे प्रश्नांची यादी ठेवतो. कापड कोणतं? खालची कड बूमला बांधलेली की मोकळी? बॅटन आखूड की पूर्ण लांबीचे? रीफ दोन की तीन? वाचताना लॅपटॉप घ्यायला बसल्यासारखं वाटतं. फरक एवढाच, की रॅम नंतर वाढवता येते. किनाऱ्यापासून हजार मैलांवर तिसरा रीफ नंतर टाकता येत नाही.

गंमत म्हणजे यातल्या जवळजवळ प्रत्येक फीचरमागे कुणाचा तरी विजय आहे, नाहीतर कुणाचं तरी मरण.

कापडापासून सुरुवात करू. २२ ऑगस्ट १८५१ रोजी इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटाभोवती शर्यत झाली. ब्रिटिश नौकांची शिडं जवसाच्या धाग्याची, फुगीर. विणीतून वारा निसटू नये म्हणून ती भिजवायची पद्धत होती. न्यूयॉर्कहून आलेल्या 'अमेरिका' नावाच्या स्कूनरची शिडं घट्ट विणीच्या सुती कापडाची, सपाट बेतलेली. ती जिंकली. (नौकेच्या बांध्याचाही त्यात वाटा होता, हे खरं.) तोच चषक पुढे 'अमेरिकाज कप' झाला आणि अमेरिकनांनी तो थेट १९८३ पर्यंत सोडला नाही. ब्रिटिशांनी मुकाट्याने सुती कापड स्वीकारलं.

सूत मात्र ओलं राहिलं की कुजतं. १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी पॉलिएस्टरचा धागा शोधला आणि १९५० च्या दशकात त्याची शिडं आली. तिकडे टेरिलीन, अमेरिकेत डेक्रॉन. आपल्या आजोबांच्या टेरिलीनच्या शर्टाचं हे सख्खं भावंड! कुजत नाही, फारसं ताणत नाही. उन्हाने मात्र हळूहळू मरतं.

आता खालची कड. 'अमेरिका'ने ती बूमला दोरीने घट्ट बांधली होती, ब्रिटिशांची मोकळी होती. म्हणजे बांधलेली कड चांगली हे सिद्ध झालं, नाही का? तर नाही! आज बरीच नवीन शिडं पुन्हा मोकळ्या कडेची असतात. आजचं कापड आपला आकार स्वतः धरतं, भार दोन कोपऱ्यांवर येतो आणि मागचा कोपरा ओढून किंवा सैल सोडून फुगवटा ठरवता येतो. कापड बदललं आणि जुनं उत्तर चुकीचं ठरलं.

बॅटन म्हणजे शिडाला ताठ ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या. चिनी जंक नौकांवर त्या शिडभर लांब असत. ब्लाँडी हॅस्लर या ब्रिटिश माणसाने हे शीड आपल्या २५ फुटी 'जेस्टर'वर चढवलं, कारण त्याची रिक्वायरमेंट वेगळी होती: डेकवर न जाता, झरोक्यातूनच शीड लहान करता आलं पाहिजे. १९६० च्या अटलांटिकपार एकट्याच्या शर्यतीत तो ४८ दिवसांत दुसरा आला. पहिले चिचेस्टर, ४० दिवसांत, खूप मोठ्या नौकेतून. आजच्या लांब बॅटनमुळे शीड कमी फडफडतं आणि जास्त टिकतं. पण वजन आणि खर्च वाढतो, आणि वारा मागून असला की शीड उतरवताना अडतं.

राहिला रीफ, म्हणजे जोराच्या वाऱ्यात शीड आखूड करायची सोय. ऑगस्ट १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ नौका निघाल्या, वादळात सापडल्या आणि फक्त ८५ पोचल्या. १५ स्पर्धक गेले. आज सागरी शर्यतींच्या काही वर्गांत मेनसेलची उंची किमान ४० टक्क्यांनी कमी करता आलीच पाहिजे, असा नियम आहे. तिसऱ्या रीफचे पैसे वर्षानुवर्षं वाया गेल्यासारखे वाटतात. एका रात्रीत वसूल होतात.

आणि यादीत सहसा नसलेला एक प्रश्न: हे शीड भर समुद्रात माझ्या हाताने शिवता येईल का? रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये ३१२ दिवस न थांबता एकटे जगाभोवती फिरले, ते 'सुहेली'तून. ३२ फुटांची ही सागवानी नौका आपल्या मुंबईत बांधलेली, बरं का! वाटेत शिडं फाटत होती, ते शिवत होते. एकदा तर टाक्यात मिशीच अडकली. निघालेल्या नऊ जणांपैकी शर्यत पूर्ण केली ती फक्त त्यांनी. वेगाच्या यादीत 'सुहेली' कुठेच नव्हती.

थोडक्यात काय, 'सगळ्यात चांगलं शीड कोणतं?' हा प्रश्नच अपुरा आहे. कुठे जायचंय, सोबत कोण आहे आणि काय बिघडलं तर काय करणार, हे आधी ठरवावं लागतं. पुढच्या वेळी गेटवेसमोर शीड उभारलेली नौका दिसली, तर शिडावरच्या छोट्या भोकांच्या आडव्या ओळी मोजा. त्या रीफच्या. मालक कुठवर जायचं म्हणतोय, याचा अंदाज येईल.