लष्करी जीपच्या काचेची कुळकथा

युद्धकाळातील जुनी जीप पुन्हा चालती करण्याचा ज्यांना छंद आहे, ते इंजिनाविषयी तासन् तास बोलतील. पुढच्या काचेचा विषय निघाला की मात्र ‘ती काय, कोणीही काचवाला बसवून देईल’ म्हणून मोकळे होतात. हे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. पण ते खरे ठरावे यासाठी बराच इतिहास घडावा लागला.

१९०३ साली एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच चित्रकार-रसायनज्ञाच्या हातून काचेचा एक चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही. कारण आतील सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण सुकून त्याचा पारदर्शक पापुद्रा काचेला चिकटून राहिला होता. अशा हकिकतींवर ठेवावा तेवढाच विश्वास मी या हकिकतीवर ठेवतो. १९०९ साली त्याने दोन काचांमध्ये असा पापुद्रा बसवण्याचे पेटंट घेतले, याला मात्र दप्तरी पुरावा आहे. मोटारींच्या कारखानदारांनी खर्चाच्या धास्तीने या शोधाची प्रथम फारशी कदर केली नाही. त्याची बूज राखली ती पहिल्या महायुद्धाने, विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांना न फुटणारे डोळे हवे होते तेव्हा. पुढे उन्हाने पिवळा पडणारा तो पापुद्रा जाऊन, १९३० नंतरच्या दशकात पॉलिव्हिनाइल ब्युटिरलचा थर त्याच्या जागी आला.

१९४१ ते १९४५ या काळातील विलिस एमबी व फोर्ड जीपीडब्ल्यू या जीपगाड्यांच्या अशा थराच्या काचा सपाट ठेवल्या गेल्या, आणि चौकटीसह त्या पुढे पाडून बॉनेटवरील दोन लाकडी ठोकळ्यांवर टेकवण्याची तजवीज झाली. गाडीची उंची कमी व्हावी, आणि उन्हात काच चमकून शत्रूला गाडीचा ठावठिकाणा कळू नये, हे त्यातले लष्करी लाभ. सपाटपणाचा लाभ मात्र आजच्या कारागिराला मिळतो, कारण वक्र काचेसाठी साचा लागतो, तर सपाट काच कागदी नमुन्यावरून कापता येते. दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या कलमाने एकाच रेषेवर ओरखडा काढून काच हलकेच मोडतात. मधला थर तरीही सुटत नाही, तेव्हा त्या भेगेत स्पिरिट ओतून क्षणभर पेटवतात, आणि तो मऊ पडताच पातळ पात्याने कापतात. जुनी काच बहुधा कडेनेच बिघडते. ओल आत शिरून थर सुटू लागतात आणि पांढुरके डाग पडतात, म्हणून नवी बसवताना चौकटीच्या खाचेतला गंज खरवडून रबराची पट्टी नीट बसवणे हे काच कापण्याहूनही महत्त्वाचे.

१९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र आणि महंमद कंपनीने १९४७ पासून विलिस जीपची जुळणी सुरू केली, त्यामुळे या घराण्याची ओळख आपल्याकडेही जुनीच आहे. अशी गाडी बाळगणाऱ्याला एवढेच सांगणे: टेम्पर्ड काच घेऊ नका, ती तयार झाल्यावर कापता येत नाही आणि फुटली की क्षणात तिचा चुरा होतो, आणि जुनी तडकलेली काच, नमुना उतरवून कोपऱ्यातील निर्मात्याची मुद्रा टिपून घेईपर्यंत, भंगारात देऊ नका.