मिलाग्रीस : एका नावाचे माहेर

म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचे नाव डिचोली-पेडण्यातील आपल्या जुन्या घराण्यांना परके नाही. शिरगावच्या लईराईची ती बहीण, असेच आम्ही ऐकत आलो. या नावाचे मूळ मात्र फार दूरचे आहे.

लॅटिन भाषेत 'मिराक्युलम' म्हणजे नवल वाटावे अशी गोष्ट, चमत्कार. लोकांच्या तोंडी 'र' आणि 'ल' यांची अदलाबदल झाली, जशी आपल्याकडे 'नुकसान'चे 'नुसकान' होताना होते, आणि स्पॅनिशमध्ये 'मिलाग्रो', पोर्तुगीजमध्ये 'मिलाग्रे' हे शब्द घडले. चमत्कारांची माता म्हणून मारियेला आळवणाऱ्या स्पॅनिश भाविकांनी मुलींची नावे 'मारिया दे लोस मिलाग्रोस' अशी ठेवली. पुढे नुसते 'मिलाग्रोस' उरले. शब्द पुल्लिंगी, अनेकवचनी. नाव मात्र मुलीचे. 'डोलोरेस' म्हणजे दुःखे, हे नावही त्याच परंपरेतले. गोमंतकात पोर्तुगीज रूप रुजले. येथे मिलाग्रीस हे पुरुषांचेही नाव झाले आणि मुलींसाठी 'मिलाग्रिना' घडले.

बारदेश १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. म्हापशाचे सांत जेरोनिमचे चर्च १५९४ चे. डिचोली आणि पेडणे त्यांच्या ताब्यात आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. तत्पूर्वी तेथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. राज्यांच्या सीमा अशा निराळ्या असल्या, तरी लोककथेने एकच कुटुंब मानले : शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, पेडण्यातील मोरजीची मोरजाई आणि त्यांचीच बहीण मिराबाई, जी म्हापशात मिलाग्रीस झाली. ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी, सोमवारी तिचे फेस्त भरते. शिरगावहून सायबिणीला तेल आणि म्हापशाहून लईराईला मोगऱ्याची फुले, अशी देवघेव परंपरेने सांगितली जाते.

'मिराबाई' आणि 'मिराक्युलम' यांतील 'मिरा' हा उच्चारसाम्याचा योगायोग होय. त्यावर व्युत्पत्ती उभारणे योग्य नव्हे. तथापि परक्या भाषेतील नावाला आपल्या पूर्वजांनी नात्याचा अर्थ दिला, हे मोलाचे आहे. धर्म बदलला म्हणून बहीण परकी झाली, असे त्यांनी मानले नाही. शब्दकोशात मिलाग्रीस म्हणजे चमत्कार. आपल्या घरांत तिचा अर्थ बहीण. हा दुसरा अर्थ कोणत्याही कोशात सापडणार नाही. तो पुढच्या पिढीला आपणच सांगितला पाहिजे.