यंत्रांच्या पिढ्या आणि खेळांचे पाठभेद

एखाद्या ग्रंथाच्या दोन प्रती समोर आल्या, की मूळ पाठ कोणता, हा प्रश्न आपण प्रथम विचारतो. व्हिडिओ गेमच्या इतिहासालाही तो लागू पडतो. कन्सोलची एक पिढी साधारण पाच ते सात वर्षे टिकते आणि मोठा खेळ रचण्यात चार-पाच वर्षे सहज जातात. साहजिकच कोणत्या यंत्रासाठी रचायचे, हा निर्णय म्हणजे भविष्याविषयीचा एक अदमास ठरतो.

जपानी दिग्दर्शक फुमितो उएदा यांचा अदमास दोनदा चुकला. ‘इको’चे काम १९९७ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनसाठी सुरू झाले, खेळ आला तो २००१ मध्ये, प्लेस्टेशन २ वर. ‘द लास्ट गार्डियन’ २००९ मध्ये प्लेस्टेशन ३ साठी जाहीर झाला. त्यातील पिसांच्या अवाढव्य प्राण्याचे सजीव वागणे त्या यंत्राला पेलेना. २०१२ मध्ये काम प्लेस्टेशन ४ कडे वळवण्यात आले व २०१६ च्या डिसेंबरात ते रसिकांपर्यंत पोहोचले. प्लेस्टेशन ३ वरचा पाठ कधीच प्रकाशित झाला नाही.

निन्टेंडोच्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’चे दोन्ही पाठ मात्र उपलब्ध आहेत. गेमक्यूबसाठी रचला जात असलेला हा झेल्डा मालिकेतील खेळ लांबत गेला आणि तोवर ‘वी’ हे नवे यंत्र उंबरठ्यावर आले. २००६ च्या नोव्हेंबरात तो आधी वीवर व डिसेंबरात गेमक्यूबवर आला. वीवर रिमोट हलवून तलवार चालवायची होती आणि बहुतेक खेळाडू उजव्या हाताचे. म्हणून डावखुरा नायक लिंक उजवा झाला. त्यासाठी सारे जगच आरशातल्यासारखे उलटवले गेले. पूर्वेची स्थळे पश्चिमेला गेली.

म्हणजे आधी प्रकाशित झालेला पाठ नंतर घडलेला, आणि नंतर प्रकाशित झालेला मूळ रचनेशी अधिक प्रामाणिक! २०१६ च्या वी यू आवृत्तीने नेहमीच्या खेळासाठी गेमक्यूबचीच दिशा स्वीकारली.

यंत्रबदलाला केवळ व्यापाराचा हिशेब मानून समीक्षेने तो बाजूला ठेवणे आम्हांला उचित वाटत नाही. येथे त्याने कथेचा भूगोलच फिरवला आहे. या खेळातील दिशांना अर्थ देऊ पाहणाऱ्या अभ्यासकाने, आपण कोणत्या यंत्रावरचा पाठ वाचत आहोत, हे प्रथम सांगितले पाहिजे.