बर्फाचें यंत्र : त्याचा इतिहास आणि त्याची शिस्त



रेल्वे होण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी मचव्यांत बसून खाडीनें पनवेलीस येई आणि तेथून बोरघाट चढे. त्या पनवेलीच्या तालुक्यांत आज तळोजें येथें मासळी गोठविणारे कारखाने आणि शीतगृहें उभीं आहेत. शेजारच्या उरण तालुक्यांतील न्हावा-शेवा बंदर १९८९ सालीं सुरू झालें. गोठविलेली मासळी तेथून थंड पेट्यांत भरून परदेशीं जाते. कोळ्याच्या टोपलींतील बर्फाच्या चुऱ्यापासून या पेट्यांपर्यंत सर्व व्यवहार एका यंत्रावर चालतो. तें यंत्र कसें निर्माण झालें, आणि तें प्रथम सुरू करतांना इतकी खबरदारी कां घ्यावी लागते, हें आज सांगावयाचें आहे.

आपल्याकडे बर्फ प्रथम आलें तें समुद्रावरून. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यानें १८३३ सालीं ‘टस्कनी’ नांवाचें जहाज १८० टन बर्फ भरून कलकत्त्यास पाठविलें. चार महिन्यांच्या प्रवासांत बरेंच बर्फ वितळलें, तरी सुमारें १०० टन शाबूत पोहोंचलें. पुढील वर्षीं, म्हणजे १८३४ सालीं, मुंबईसहि अमेरिकन बर्फ मिळूं लागलें. जमशेटजी जिजीभाई यांनीं आपल्या मेजवानींत आइस्क्रीम वाढलें आणि यजमान व पाहुणे दोघांसहि पडसें झालें, अशी गोष्ट सांगतात. मुंबईचें तें बर्फगृह आतां राहिलें नाहीं. मद्रासचें मात्र अद्यापि उभें आहे.

योगायोग असा कीं, त्याच १८३४ सालीं जेकब पर्किन्स यानें लंडनमध्यें थंडी निर्माण करणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्याचें तत्त्व आपल्या घरांतील माठांतच आहे. माठाच्या अंगावरील पाण्याची वाफ होते आणि ती जातांना उष्णता घेऊन जाते. माठाची वाफ वाऱ्यावर निघून जाते. पर्किन्सनें ती कोंडून ठेविली, पंपानें दाबली, निववून तिचा पुन्हा द्रव केला आणि तोच द्रव फिरून फिरून कामास लाविला. आजच्या प्रत्येक शीतगृहांत हेंच चक्र चालूं आहे.

प्रश्न एवढाच उरला कीं, हा द्रव कोणता असावा? पर्किन्सनें ईथर वापरलें. पण तें भडकन् पेट घेणारें. १८७२ सालीं डेव्हिड बॉइल यानें अमेरिकेंत अमोनियाच्या काँप्रेसरचें पेटंट घेतलें, आणि १८७६ च्या सुमारास म्यूनिकच्या कार्ल लिंडे यानें अमोनियाचें यंत्र उत्तम रीतीनें चालवून दाखविलें. शून्याखालीं ३३ अंशांवर उकळणारा हा पदार्थ स्वस्त आणि कार्यक्षम आहे. पण तो विषारी आहे, आणि हवेशीं ठराविक प्रमाणांत मिसळला तर पेटतोहि.

१९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत घरगुती शीतपेट्यांतून मिथाइल क्लोराइड गळून माणसें दगावलीं. तेव्हां निर्धोक वायूचा शोध सुरू झाला आणि थॉमस मिजली व त्याच्या सहकाऱ्यांनीं फ्रेऑनचा वर्ग पुढें आणला. विषारी नाहीं, पेटत नाहीं, वास नाहीं! परंतु १९७४ सालीं मोलिना व रोलंड यांनीं दाखविलें कीं, हा वायू आकाशांतील ओझोनचा थर झिजवितो. १९८७ च्या माँट्रियल करारानें त्याच्यावर बंधन आलें. ज्या वायूस आपण निरुपद्रवी मानलें त्यानें आकाशास इजा केली. आणि ज्याच्या वासानें डोळ्यांस पाणी येतें तो अमोनिया ओझोनच्या बाबतींत निर्दोष ठरला. म्हणून मोठ्या कारखान्यांत त्याचें स्थान आजहि अढळ आहे.

आतां नवें यंत्र उभें राहिलें आहे अशी कल्पना करा. मालकास घाई आहे, मासळी दाराशीं आली आहे. तरी वायू भरण्यापूर्वीं सर्व नळ्या कोरड्या नायट्रोजनच्या दाबाखालीं ठेवून कोठें गळती आहे काय तें पाहिलें पाहिजे. या कामीं प्राणवायू कधींहि वापरूं नये. तेलाशीं त्याची गांठ पडली कीं स्फोट होतो. नंतर पंपानें आंतील हवा व ओल काढून यंत्र निर्वात करावें. हवा आंत राहिली तर कंडेन्सरमधील दाब वृथा वाढतो. आणि फ्रेऑनच्या जातीच्या वायूंत ओल राहिली तर ती अरुंद झडपेशीं गोठून वाटच बंद करते.

वायू भरावा तो वजन करून, अंदाजानें नव्हे. ३० अंशांच्या उष्णतेंत अमोनियाचा दाब वातावरणाच्या सुमारें बारापट असतो. म्हणून नळकांडें ज्वालेनें तापविणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय. काँप्रेसर चालूं करण्यापूर्वीं तेल पाहावें, कंडेन्सरचें पाणी सोडावें, आणि बाहेर जाणाऱ्या वाटेची झडप उघडी आहे याची खात्री करावी. आंत ओढणारी झडप मात्र हळूहळू उघडावी. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाहीं. तो काँप्रेसरमध्यें शिरला तर पोलादी झडपाहि मोडतात. दाबमापकांवरून नजर हलवूं नये. अमोनिया गळत असल्यास गंधकाची जळती वात जवळ नेतांच पांढरा धूर उठतो; मात्र वास आधींच दाटला असेल तेथें वात पेटवूं नये. कामावर एकटा माणूस कधीं नसावा. श्वासाचा मुखवटा आणि पाण्याची सोय हाताशीं असावी.

१९८४ सालीं भोपाळची दुर्घटना घडली. तिच्या नंतर, १९८७ सालीं, कारखान्यांचा कायदा सुधारून धोकादायक उद्योगांवर कामगारांस माहिती देण्याचें बंधन घालण्यांत आलें. पण कायदा दाराशीं उभा राहतो; झडप उघडणारा हात आंत असतो. त्या हातास घाई करावयास लावूं नये, ही जबाबदारी मालकाची. आणि थोडी आपलीहि, कारण थंड मासळी, दूध व औषधें आपल्याच घरीं येतात. या शिस्तींतील पुष्कळसे नियम कोणाच्या तरी प्राणांच्या किंमतीनें शिकलेले आहेत. ते पाळण्यास जो अर्धा दिवस लागतो तो वायां गेला असें कोणीं म्हणूं नये.