फिडलच्या चाली आणि हार्पच्या तारा

फिडल आणि हार्प हीं दोन्ही तंतुवाद्यें असलीं तरी त्यांचे स्वभाव अगदीं निराळे आहेत. फिडलवर गज फिरतो तोंवर स्वर वादकाच्या मुठींत असतो. हार्पची तार एकदां छेडली, कीं ती आपल्याच गतीनें वाजत राहते आणि हळूहळू विरते. अमेरिकेच्या डोंगराळ मुलुखांत नाचाच्या साथीसाठीं वाढलेल्या फिडलच्या जुन्या चाली आज कांहीं हार्पवादक आपल्या वाद्यावर वाजवितात. प्रथमदर्शनीं हा नुसता हौसेचा खेळ वाटतो. परंतु वाद्य मागें पडलें असतां त्याचें संगीत कशाच्या बळावर तगतें, या प्रश्नाचें उत्तर या खेळांत सांपडतें. तें समजण्यासाठीं मात्र प्रथम आयर्लंडांत जावें लागतें.

इ. स. १७९२ च्या जुलै महिन्यांत बेलफास्ट शहरीं हार्पवादकांचा एक मेळावा भरला. शतकानुशतकें सरदार-घराण्यांच्या आश्रयानें वाढलेली ही कला, आश्रयदाते नाहींसे झाल्यामुळें अखेरच्या घटका मोजीत होती. बक्षिसें जाहीर करूनहि अवघे दहा आयरिश वादक आले. अकरावा होता तो वेल्स प्रांताचा. कित्येक अंध, कित्येक वृद्ध. सर्वांत वडील डेनिस हेम्प्सन; त्याचें वय ९७ असल्याचें सांगत. धातूच्या तारा लांब वाढविलेल्या नखांनीं छेडण्याची प्राचीन रीत जमलेल्यांत त्या एकट्याजवळ उरली होती. हे वादक वाजवीत असतां एडवर्ड बंटिंग नांवाचा एकोणीस वर्षांचा ऑर्गनवादक त्या चाली कागदावर उतरवून घेत होता. पुढें सारा जन्म त्यानें या कामाला वाहिला. १७९६, १८०९ आणि १८४० या सालीं त्याचे तीन संग्रह प्रसिद्ध झाले.

बंटिंगचे उपकार लहान नव्हेत. तो नसता तर कित्येक चाली त्या वृद्धांबरोबरच मातींत गेल्या असत्या. परंतु त्यानें छापलेल्या चाली पियानोच्या साथीसह छापल्या होत्या. कारण ग्रंथ विकत घेणाऱ्या घरांत पियानो होता, हार्प नव्हती. जुन्या वादकांच्या कांहीं संज्ञाहि त्यानें नोंदविल्या. हार्पच्या मध्यभागीं एकाच स्वरांत मिळविलेल्या दोन शेजारच्या तारा असत व त्यांना ‘बहिणी’ म्हणत, ही त्यांतलीच एक गोष्ट. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा ज्यांच्या कानांत आहेत, त्यांना या नांवाचें मर्म निराळें सांगावयास नको. १८०८ सालीं बेलफास्टमध्यें हार्प शिकविण्यासाठीं एक संस्था निघाली. वृद्ध आर्थर ओ’नील तेथें अंध मुलांना शिकवूं लागला. पण पैशाच्या अभावीं पांच वर्षांतच ती बंद पडली. हेम्प्सन १८०७ सालींच वारला होता. १७०२ साल कोरलेली त्याची हार्प आजहि डब्लिनमध्यें आहे, बंटिंगचीं हस्तलिखितें बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठांत आहेत. वाद्य राहिलें, चाली राहिल्या. हाताची परंपरा मात्र खंडित झाली. आज नखांनीं हार्प वाजवूं पाहणाऱ्यांना ती रीत जुन्या टांचणांवरून तर्कानें पुन्हां बांधावी लागते.

त्याच अठराव्या शतकांत आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतांतून सहस्रावधि कुटुंबें अटलांटिक ओलांडून पेनसिल्व्हेनियांत उतरलीं आणि तेथून शेनांडोआच्या खोऱ्यानें दक्षिणेकडे सरकत अॅपलेशियन डोंगरांत वसलीं. या वस्त्यांच्या नाचाचें वाद्य फिडल होतें. तें काखेंत मारून कोठेंहि नेतां येई व नाचणाऱ्यांच्या गोंगाटांतहि ऐकूं जाई. तेथें त्याला दुसरा एक प्रवाह येऊन मिळाला. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनीं मायदेशच्या वाद्यांच्या आठवणीवरून बॅंजो घडविला, आणि मळेवाल्यांच्या नाचांतून फिडल वाजविणारे पुष्कळसे वादक कृष्णवर्णीयच होते. त्यांतील बहुतेकांचीं नांवें कोणींहि लिहून ठेविलीं नाहींत. परंतु या संगीताच्या ठेक्यांत त्यांचा हात आजहि ओळखूं येतो. नॉर्थ कॅरोलायनाचे कृष्णवर्णीय फिडलवादक जो थॉम्सन (१९१८–२०१२) यांनीं हा वारसा उतारवयांत तरुण शिष्यांच्या हवालीं केला.

हेन्री रीड यांची कथा तर बंटिंगच्या कथेशेजारीं ठेवून वाचण्यासारखी आहे. १९६६ सालीं अॅलन जॅबूर नांवाचा तरुण विद्यार्थी व्हर्जिनियांतील ग्लेन लिन या गांवीं ध्वनिमुद्रणाचें यंत्र घेऊन गेला. रीड तेव्हां ऐंशी उलटलेले होते. त्यांच्या कांहीं चाली क्विन्स डिलियन या वृद्ध वादकाकडून आलेल्या होत्या, आणि हा डिलियन १८४६–४८ च्या मेक्सिकन युद्धांत सैन्याबरोबर बांसरी वाजवीत असे. म्हणजे चाल एका वाद्यावरून दुसऱ्यावर गेली तरी साखळी तुटली नव्हती. जॅबूरनें नुसतें मुद्रण केलें नाहीं. त्या चाली तो स्वतः फिडलवर शिकला व मित्रांना शिकविल्या. रीड १९६८ सालीं वारले. पण ‘ओव्हर द वॉटरफॉल’ ही त्यांच्याकडून मिळालेली चाल आज देशोदेशींचे हौशी वादक वाजवितात.

याच चाली आतां हार्पवर येतात, तेव्हां काय घडतें? चालीचे सामान्यतः दोन भाग. प्रत्येक भाग दोनदां, आणि सबंध चाल नाच संपेपर्यंत पुनःपुन्हां. फिडलवादक गजाच्या लांब-आंखूड फटकाऱ्यांनीं ठेका धरतो. हार्पला गज नाहीं. एकच स्वर जलद पुन्हां छेडावा तर थरथरणाऱ्या तारेवर बोट पडून ती खरखरते. मींड तर जवळजवळ अशक्य. म्हणून वादकाला कांहीं स्वर गाळावे लागतात आणि ठेक्याचें काम डाव्या हाताकडे सोंपवावें लागतें. लहान हार्पला प्रत्येक तारेच्या माथ्याशीं एक खटका असतो. तो चढविला कीं तार अर्ध्या स्वरानें चढते. पुष्कळ चालींत आपल्या खमाजाप्रमाणें कोमल निषाद येतो, आणि कांहींत शुद्ध व कोमल दोन्ही. तेव्हां चालत्या ठेक्यांत हा खटका फिरवावा लागतो.

परंतु एका बाबतींत हार्प या चालींना परकी नाहीं. अशा कित्येक चालींसाठीं डोंगरांतील वादक फिडलच्या चार तारा केवळ षड्ज-पंचमांत मिळवितात, आणि मोकळ्या तारांची आस चालीखालीं सतत घुमत ठेवितात. ही आस हार्पच्या अंगचीच आहे. गज जें यत्नानें साधतो, तें येथें तार आपण होऊन देते. वादकाचें कौशल्य नको तो नाद योग्य वेळीं बोटानें दाबण्यांत. हेम्प्सनच्या नखांनीं जें साधलें होतें, त्याचें रहस्य बरेंचसें यांतच होतें.

बेलफास्टच्या मेळाव्यांत चाली लिहिणारा होता, पण शिकणारा शिष्य नव्हता. ग्लेन लिनमध्यें यंत्र होतें आणि शिष्यहि होता. कागद आणि यंत्र चालीचें रक्षण करतात, परंतु तिला चालती ठेवावयास शिकणारा हातच लागतो. तो हात गजाचा असो वा तारा छेडणारा असो, चालीला त्याचें वावडें नाहीं.