तळटीप : ‘डोंगरी मुलूख’

लेखकाला इथे महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्यातले दोन तालुके अभिप्रेत आहेत. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडला येते, गांधारी तिला इथेच मिळते. भरतीचे पाणी खाडीतून महाडपर्यंत चढते. म्हणूनच गलबतांतला माल इथे उतरून वरंधा घाटाने बैलांच्या पाठीवर देशावर जाई. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली ती या घाटवाटांसह. रायगड राजधानी झाला तो या जागेच्या जोरावर.

शेतीचे मात्र कठीण. खाचरात भात; वर वरकस उतारावर राब भाजून लावलेली नाचणी नि वरी, तीही जेमतेम वर्षाला पुरणारी. अशाच टंचाईपायी स्वित्झर्लंडच्या डोंगरी खेड्यांतले तरुण शतकानुशतके परक्या राजांच्या फौजांत चाकरीला जात. तसेच इथले तरुण पलटणीत आणि मुंबईच्या गिरण्यांत गेले. घर चाले ते मनीऑर्डरीवर. पुढे महाडला रसायनांचे कारखाने आले, तरी मुंबईची वाट सुटली नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हाही गावची कितीतरी माणसे मुंबईत होती. ‘मुलूख’ या शब्दात ती माणसेही धरावीत.