जॉयस्टिकची उलटी-सुलटी गोष्ट

माझ्या भाच्याने मध्यंतरी घरच्या कॉम्प्युटरला जोडायला जॉयस्टिक आणि थ्रॉटल आणलं. विमान उडवण्याचा खेळ, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर, तो बरीच वर्षं खेळतो. आजवर की-बोर्डवर भागवत होता. "मामू, बसा," म्हणाला. मी बसलो. दांड्याला हात लावण्याआधीच पडद्यावरचं विमान डावीकडे कलायला लागलं. थ्रॉटलची दांडी पुढे ढकलली तर इंजिन मंदावलं, मागे ओढली तर गर्जायला लागलं. "वस्तू खराब निघाली," मी म्हणालो. तो हसला. "खराब नाही मामू, सेटिंग राहिलंय."

मग तासभर तो एकेक प्रश्न सोडवत बसला. दांड्याचा मध्य कुठला? पुढे म्हणजे जास्त की कमी? हात किती हलला की विमानाने किती हलायचं? शेजारी बसून मला वाटत राहिलं, हे प्रश्न खेळाचे नाहीत. ते आधी खऱ्या आकाशात विचारले गेले आणि त्यांतल्या काहींची उत्तरं माणसं गमावून मिळाली.

राइट बंधूंच्या १९०३च्या विमानात असा दांडा नव्हता. वैमानिक पालथा झोपायचा, कंबर सरकवून पंखांना पीळ द्यायचा आणि हातातल्या तरफेने विमानाचं नाक वर-खाली करायचा. एकाच दांड्याने डावं-उजवं आणि वर-खाली दोन्ही साधायची युक्ती फ्रान्समध्ये रुजली. रॉबेर एनो-पेलतरी आणि लुई ब्लेरिओ ही त्यातली दोन मोठी नावं. २५ जुलै १९०९ रोजी ब्लेरिओने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, तेव्हा त्याच्या हाताशी दांडा होता आणि पायाशी आडवी पट्टी. 'जॉयस्टिक' हा शब्दही त्याच वर्षी रॉबर्ट लोरेन या इंग्रज नट-वैमानिकाच्या डायरीत आढळतो. खेळण्याचं वाटणारं हे नाव मुळात विमानाचंच आहे.

जमिनीवर बसून उडायला शिकण्याची कल्पना यशस्वी केली ती अमेरिकेतल्या एडविन लिंकने. त्याच्या वडिलांचा न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन इथे ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून लिंकने एक छोटं लाकडी विमान तयार केलं. आतला माणूस दांडा हलवी, भाते फुगत-आकसत आणि विमान जागच्या जागी कलत असे. सुरुवातीला ते जत्रेतल्या करमणुकीसारखं विकलं गेलं. फेब्रुवारी १९३४मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहण्याचं काम आलं. ढगांत आणि रात्री केवळ उपकरणांच्या भरवशावर उडण्याचा सराव नसलेले डझनभर वैमानिक त्यात मेले. त्याच वर्षी लष्कराने लिंककडून सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशी हजारो यंत्रं बनली आणि लाखो वैमानिक त्यांत बसून शिकले.

ते यंत्र घरातल्या टेबलावर आणलं ब्रूस आर्टविक या इंजिनिअरने. १९७५मध्ये इलिनॉय विद्यापीठात त्याने याच विषयावर प्रबंध लिहिला होता. पुढे अ‍ॅपल-२ कॉम्प्युटरसाठी त्याचा फ्लाइट सिम्युलेटर आला आणि १९८२मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आयबीएमच्या पीसीवर आणला. पडद्यावर चार रेघा, पण त्या रेघांत लोकांना क्षितिज दिसलं.

त्या काळच्या जॉयस्टिकच्या पोटात काय होतं? आपल्या जुन्या रेडिओचा आवाज लहान-मोठा करायच्या बटणामागे असतो, तसाच विजेचा अडथळा कमी-जास्त करणारा भाग. त्यात धूळ गेली की रेडिओ जसा खरखरतो, तसा जॉयस्टिकचा मध्य सरकतो आणि विमान आपलं आपण कलतं. म्हणून आधी दांडा सोडून मध्य दाखवायचा, मग तो चारी कोपऱ्यांपर्यंत फिरवून टोकं दाखवायची. थ्रॉटलही या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं. मध्याजवळची बारीक थरथर मोजू नये म्हणून थोडी 'मृत जागा' ठेवायची. अलीकडच्या चांगल्या जॉयस्टिकमध्ये चुंबकाने चालणारे सेन्सर असतात, त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला आहे.

दुसरा प्रश्न संवेदनशीलतेचा. २० जानेवारी १९७४ रोजी कॅलिफोर्नियात वायएफ-१६ या लढाऊ विमानाची फक्त धावपट्टीवर वेगाने धावण्याची चाचणी चालू होती. त्याचा दांडा हलत नसे. हाताचा दाब ओळखून विमान वळे. ते इतकं तत्परतेने वळे, की दोन्ही बाजूंना हेलकावे खाऊ लागलं आणि शेपटीचा पंख जमिनीला घासला. वैमानिक फिल ऑस्ट्रिकर यांनी धोका ओळखून थेट उड्डाण केलं आणि काही मिनिटांनी विमान सुखरूप उतरवलं. पुढे एफ-१६च्या दांड्याला किंचित हलण्याची मुभा देण्यात आली. जास्त आज्ञाधारकपणाही घातक ठरू शकतो.

तिसरा प्रश्न दिशेचा. महायुद्धापूर्वीच्या अनेक फ्रेंच विमानांत थ्रॉटल मागे ओढलं की इंजिनाचा जोर वाढे. इंग्रजांकडे नेमकं उलट. १९४०मध्ये फ्रान्स पडल्यावर त्यांच्यासाठी बनलेली कर्टिस विमानं ब्रिटनकडे आली, तेव्हा थ्रॉटलची दिशा बदलून घ्यावी लागली. हीच विमानं 'मोहॉक' नावाने पुढे भारतातून ब्रह्मदेशच्या आघाडीवर उडाली.

थ्रॉटलचं हे वेगळेपण ठरवून केलेलं होतं. चुकून दिशा उलटली तर? २३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमध्ये वुडफर्ड इथे अ‍ॅव्हरो ट्यूडर विमान उडताच कोसळलं. दुरुस्तीत पंखांच्या हलत्या फळ्यांच्या, म्हणजे एलेरॉनच्या, तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. मृतांत रॉय चॅडविक होते. प्रसिद्ध लँकेस्टर बॉम्बर विमानाचे ते शिल्पकार. आपणच आखलेल्या विमानात दुसऱ्याच्या हातून झालेल्या एका चुकीने त्यांचा बळी घेतला.

तारांऐवजी कॉम्प्युटर आला म्हणून ही चूक इतिहासजमा झाली नाही. मार्च २००१मध्ये फ्रँकफर्टहून एक एअरबस ए-३२० उडालं. विमान डावीकडे कललं म्हणून कॅप्टनने दांडा उजवीकडे नेला, तर ते आणखी डावीकडे कललं. दुरुस्तीत त्याच्या दांड्याच्या विजेच्या तारांची अदलाबदल झाली होती आणि उड्डाणापूर्वीच्या तपासणीत ती लक्षात आली नव्हती. पंखाचं टोक जमिनीपासून जेमतेम अर्ध्या मीटरवर आलं असताना सहवैमानिकाने आपल्या दांड्यावर ताबा घेतला आणि सगळे वाचले.

म्हणूनच उड्डाणापूर्वी वैमानिक दांडा फिरवून दोन गोष्टी बघतात. तो मोकळा फिरतो का आणि बरोबर दिशेला फिरवतो का. नुसतं मोकळं असून भागत नाही. दांडा डावीकडे नेला की डाव्या पंखाची फळी वर आणि उजव्या पंखाची खाली जायला हवी.

भाच्याने थ्रॉटलसमोरच्या 'उलट' या चौकटीत खूण केली आणि विमान बाहेरून दिसेल असं दृश्य लावलं. "आता डावीकडे न्या, मामू." मी नेला. डाव्या पंखाची फळी वर उचलली गेली, उजवीकडची खाली वाकली.

"बरोबर?" त्याने विचारलं.

मी दांडा उजवीकडे नेऊन पुन्हा एकदा बघितलं, मगच मान हलवली.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)